वाचक विचारतात: मुंबईला दोन रनवे, मग विमानं घिरट्या का घालतात?

मंडळी, मागच्या अंकात मुंबई एअरपोर्टबद्दल काही विचारायचं असेल तर विचारा असं म्हटलं होतं आणि तुम्ही ते भलतंच मनावर घेतलंत. सगळी पत्रं छापायची तर अंक पुरणार नाही, त्यामुळे ज्यात बाकीच्यांच्याही कामाचं काहीतरी आहे तेवढी घेतलीयत, आणि तीन-चार जणांनी तेच विचारलंय तिथं एकच उत्तर दिलंय. नावं छापू नका असं बऱ्याच जणांनी कळवलं म्हणून सगळ्यांचीच गाळली.

प्रश्न (नागपूर): ताई नमस्कार. माझी मुलगी नागपूरहून मुंबईला येणार आणि तिथून पुढं तिची दुबईची फ्लाईट आहे. पहिल्या तिकिटावर टी१ लिहिलंय, दुसऱ्यावर टी२. मधे साडेतीन तास आहेत. ही दोन वेगळी एअरपोर्ट आहेत का? शेजारचे काका म्हणतात एक सांताक्रूझला आणि दुसरं सहारला. ती पहिल्यांदाच एकटी निघालीय, आम्हाला फार टेन्शन आलंय.

उत्तर: शेजारचे काका अगदीच चुकीचं सांगत नाहीयेत, पण एअरपोर्ट एकच आहे. रनवे तेच, कंट्रोल टॉवर तोच, फक्त इमारती दोन. टी१ म्हणजे जुनं सांताक्रूझ, विलेपार्ले पूर्वेला वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेच्या अगदी कडेला, आणि टी२ म्हणजे सहार, अंधेरी पूर्वेला. दोन्ही मुख्य रनवेच्या उत्तरेलाच आहेत पण त्यांच्या मधे दुसऱ्या रनवेचं टोक येतं, त्यामुळे नकाशात बोटभर अंतर दिसलं तरी आतून चालत जायची काही सोय नाही, बाहेर पडून रस्त्यानं चार-पाच किलोमीटरचा वळसा घालावाच लागतो.

आता मुलीचं. दोन्ही तिकिटं वेगवेगळी काढली असतील, म्हणजे पीएनआर (बुकिंग नंबर) दोन असतील, तर तिला टी१ ला बॅग घ्यायची, बाहेर पडायचं, टी२ ला जायचं आणि तिथं परत पहिल्यापासून चेक-इन करायचं. परदेशी फ्लाईटचे काउंटर साधारण तासभर आधी बंद होतात, काही कंपन्या त्याच्याही आधी करतात. साडेतीन तासातून हे वजा केलं, बॅग बेल्टवर यायला लागणारा वेळ वजा केला, इमिग्रेशनची रांग धरली, तरी नागपूरची फ्लाईट वेळेवर आली तर आरामात होतं. पण ती दीड तास लेट झाली तर मात्र पळापळ, आणि तिकिटं वेगळी असली की दुसरी कंपनी म्हणणार आमचा काय संबंध. तारीख अजून लांब असेल तर नागपूरहून आधीची फ्लाईट घ्या असंच मी म्हणेन. तिकीट एकच असेल तर नागपूरलाच काउंटरवर विचारा की बॅग थेट दुबईपर्यंत टॅग होते का.

टी१ वरून टी२ ला जायला आता भुयारी मेट्रो आहे, मधे फक्त सहार रोड हे एक स्टेशन, दहा मिनिटांच्या आत पोचते. पण टी१ चं स्टेशन टर्मिनलच्या दारात नाहीये, थोडं चालावं लागतं, आणि दोन मोठ्या बॅगा घेऊन एकटी मुलगी असेल तर सरळ प्रीपेड टॅक्सी करायची, त्यात कंजुषी नको. टी२ ला चेक-इन सगळ्यात वरच्या मजल्यावर आणि अरायव्हल खाली, टॅक्सी वरच्याच मजल्यावर सोडते त्यामुळे चुकायची भीती नाही.

आणि हो, एक गोष्ट फार जणांची चुकते म्हणून सांगते. डोमेस्टिक म्हणजे टी१ आणि इंटरनॅशनल म्हणजे टी२ हे समीकरण कधीच मोडलंय. टी१ वरून फक्त देशातली विमानं सुटतात हे खरं, पण टी२ वरून दोन्ही सुटतात, एकाच कंपनीच्या नागपूरसारख्या मार्गांवरच्या फ्लाईट दोन्हीकडे विभागलेल्या असू शकतात आणि कंपन्या अधूनमधून त्या इकडून तिकडे हलवतात. आदल्या दिवशी तिकिटावरचं टर्मिनल परत एकदा बघायचं, महिन्यापूर्वी काढलेल्या प्रिंटवर विसंबायचं नाही.

प्रश्न (विलेपार्ले): वय वर्षे ७८. आमच्या लहानपणी सगळे सांताक्रूझ विमानतळ म्हणायचे. जुहूलाही विमानतळ आहे. यातलं आधीचं कुठलं? नातवाशी पैज लागलीय.

उत्तर: आजोबा, तुम्ही जुहू म्हणाला असाल तर पैज तुमची. जुहूची धावपट्टी १९२८ ची, देशातलं पहिलं नागरी विमानतळ तेच. १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटा कराचीहून टपालाच्या पिशव्या घेऊन अहमदाबादमार्गे जुहूलाच उतरले, पुस मॉथ नावाचं एका इंजिनाचं चिमुकलं विमान होतं ते, आणि तिथून पुढं बेल्लारीमार्गे मद्रासला नेव्हिल विन्सेंट घेऊन गेले. एअर इंडियाची सुरुवात ती. पण जुहू म्हणजे समुद्राकाठची दलदल, पावसाळ्यात पट्टीवर पाणी, त्यामुळे पावसाळा आला की टाटांची टपालसेवा चक्क पुण्याला हलायची. अशा ठिकाणी मोठी विमानं उतरवणं शक्यच नव्हतं.

सांताक्रूझची धावपट्टी इंग्रजांच्या हवाई दलानं १९३० च्या दशकात बांधली, आणि दुसऱ्या महायुद्धात तिथं त्यांचा तळ होता. युद्ध संपल्यावर नागरी विमानं हळूहळू जुहूवरून इकडं आली. ८ जून १९४८ ला एअर इंडियाचं 'मलबार प्रिन्सेस' कैरो, जिनिव्हा करत लंडनला गेलं ते मुंबईहूनच, आणि १९५८ साली सांताक्रूझला प्रवाशांसाठी रीतसर टर्मिनल उभं राहिलं, तुमचं लहानपणीचं सांताक्रूझ ते हेच.

बरं आता गंमत ऐका, नातवालाही सांगा. जुहू आणि सांताक्रूझ एकमेकांपासून जेमतेम तीन-चार किलोमीटरवर, आणि वरून बघितलं तर दोन्हीकडं पट्ट्या. १९५३ मधे बीओएसी या ब्रिटिश कंपनीचं कॉमेट जेट सांताक्रूझ समजून जुहूला उतरलं. उतरलं ते उतरलं, पण तेवढ्याशा पट्टीवरून परत उडवायचं कसं, नऊ दिवस ते तिथंच होतं. तेव्हा नवीन तंत्रज्ञान होतं म्हणून सोडून देऊ, पण १९७२ मधे जपान एअरलाइन्सच्या डीसी-८ नं पुन्हा तेच केलं! तेही प्रवासी घेऊन. पट्टी संपली, विमान पुढं घसरत गेलं आणि कायमचं निकामी झालं, नशीब कोणी दगावलं नाही. जुहू अजून चालू आहे बरं का, मुख्यतः हेलिकॉप्टरसाठी. बॉम्बे हायच्या तेलविहिरींवर माणसं नेणारी हेलिकॉप्टरं तिथूनच उडतात.

सत्तरच्या दशकात जम्बो जेट आली आणि सांताक्रूझ पुरेना. त्यातच १९७९ ला त्या टर्मिनलला आग लागली. सहारला, जिथं ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्या मूळच्या ख्रिस्ती लोकांचं जुनं गावठाण होतं (आणि अजून आहे), तिथं नवीन इंटरनॅशनल टर्मिनल ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला चालू झालं आणि तेव्हापासून मुंबईकरांच्या तोंडी सहार आणि सांताक्रूझ अशी जोडी बसली. १९९९ मधे सगळ्याला मिळून छत्रपती शिवाजी हे नाव दिलं, २०१८ मधे त्यात 'महाराज' जोडलं. २००६ ला सरकारनं एअरपोर्ट खासगी कंपनीकडं चालवायला दिलं, आधी जीव्हीके ग्रुप होता, २०२१ पासून अदानी, आणि २६ टक्के हिस्सा अजून सरकारच्या एअरपोर्ट ॲथॉरिटीचा आहे. हा शेवटचा भाग नातवाला माहीत असेल, त्यानं पैज लावताना तेवढंच वाचलं असणार.

प्रश्न (कल्याण): मी इंजिनिअरिंगला आहे. मागच्या महिन्यात बंगळूरहून येताना आमचं विमान मुंबईच्या बाहेर अर्धा तास गोल गोल फिरत होतं. पायलट म्हणाला ट्रॅफिक. मुंबईला तर दोन रनवे आहेत ना? मग दोन्हीवर एकदम विमानं का उतरवत नाहीत?

उत्तर: हा प्रश्न मला सगळ्यात आवडला, कारण या एअरपोर्टचं बाकीचं सगळं रामायण यातूनच निघतं.

दोन रनवे आहेत पण ते एकमेकांना छेदतात. मुख्य रनवे पूर्व-पश्चिम, साधारण ३,४५० मीटर, त्याला ०९/२७ म्हणतात, म्हणजे एका बाजूनं गेलात तर होकायंत्रात ९० अंश, उलट्या बाजूनं २७०, शेवटचं शून्य गाळायचं. दुसरा १४/३२, वायव्येकडून आग्नेयेकडे, २,९०० मीटरच्या आसपास. आणि हे दोन मधे कात्रीसारखे एकमेकांवर येतात. त्यामुळे एकावर विमान धावत असेल तर दुसऱ्यावर काहीही करता येत नाही, एका वेळी एकच रनवे. लष्करी तळाच्या काळात हे शहाणपणाचंच होतं, विमानं हलकी, आडवा वारा सोसायची नाहीत, म्हणून वेगवेगळ्या दिशेच्या पट्ट्या आखायच्या आणि त्या दिवशी वारा असेल तसं ठरवायचं. दिवसाला मोजकी विमानं असायची. आज २०२४-२५ या वर्षात या एअरपोर्टवरून साडेपाच कोटींच्या आसपास लोकांनी प्रवास केला आणि आखणी मात्र तीच!

त्यात १४/३२ तसा लंगडाच आहे. आग्नेयेला ट्रॉम्बेची टेकडी आणि अणुसंशोधन केंद्राचा भाग, त्यामुळे तिकडून येण्याजाण्यावर मर्यादा. म्हणून तो मुख्यतः मुख्य रनवेचं काम निघालं की वापरतात. समांतर रनवे हवा असेल तर दोन पट्ट्यांमधे मोठं अंतर लागतं, एक किलोमीटरहून जास्त, तेव्हा कुठं दोन्हींवर एकदम स्वतंत्रपणे विमानं उतरवता येतात. तेवढी जागा आणायची कुठून? एका बाजूला हायवे, दुसऱ्या बाजूला कुर्ला, वर सहार आणि मरोळ, खाली कलिना, सगळीकडून वस्ती कुंपणाला टेकलेली, आणि एअरपोर्टच्या स्वतःच्या जमिनीवरही झोपडपट्ट्या.

आता एका रनवेवर किती विमानं बसतात त्याचा हिशोब बघ. उतरलेलं विमान पट्टीवरून बाहेर पडायला पाऊण-एक मिनिट घेतं. जड विमानामागं हलकं विमान असेल तर हवेतल्या भोवऱ्यांमुळे जास्त अंतर सोडावं लागतं. दोन उतरणाऱ्यांच्या मधे एक उडणारं घुसवायचं. हे सगळं करून मुंबईचे कंट्रोलर ताशी ४६ विमानं हाताळत होते, म्हणजे दर ७८ सेकंदाला एक. ११ नोव्हेंबर २०२३ ला चोवीस तासात १,०३२ विमानांची ये-जा झाली, एका वेळी एक रनवे वापरून हा आकडा म्हणजे जगात फार थोड्यांना जमणारी गोष्ट आहे, मी तर त्या टॉवरमधल्या लोकांना हात जोडते. रनवेतून तिरक्या निघणाऱ्या लांब टॅक्सीवे केल्यात, विमानाला फार वेग कमी न करता बाहेर पडता येतं, त्याचा यात मोठा वाटा आहे.

पण असं ठासून भरलेलं वेळापत्रक म्हणजे मधे श्वास घ्यायला जागाच नाही. एखादं विमान खाली येऊन परत वर गेलं, किंवा पाऊस आला, की मागची सगळी रांग हवेत. त्याच्यावर बिझनेस जेट आणि कंपन्यांच्या लेट फ्लाईट. फेब्रुवारी २०२४ मधे शेवटी नागरी विमान वाहतूक मंत्रालयानं गर्दीच्या वेळी ताशी ४६ चे ४४ करा आणि इतर वेळी ४४ चे ४२ करा असा आदेश दिला. विमानं ४० ते ६० मिनिटं घिरट्या घालतात आणि त्यात प्रत्येकी १.७ ते २.५ किलोलिटर इंधन जातं हे तेव्हा मंत्रालयानंच सांगितलं होतं. तू अर्ध्या तासात उतरलास म्हणजे स्वस्तात सुटलास.

आणखी एक. दर वर्षी पावसाळ्याआधी आणि नंतर एकेक दिवस दोन्ही रनवे दुरुस्तीसाठी सकाळी ११ ते संध्याकाळी ५ पूर्ण बंद असतात. एकमेकांना छेदतात ना, त्या चौकातलं काम करायचं म्हणजे दोन्ही बंद ठेवावेच लागतात. बरेच दिवस आधी जाहीर करतात, विमानं त्या हिशोबानंच लावलेली असतात, तर ऐकून घाबरायचं कारण नाही.

प्रश्न (दादर): टी२ मधलं म्युझियम तिकीट नसताना बघता येतं का?

उत्तर: नाही. 'जय हे' नावाचं ते कलादालन सगळं टर्मिनलच्या आत आहे आणि आत जायला विमानाचं तिकीट आणि ओळखपत्र लागतं. तीन किलोमीटरच्या आसपास भिंतभर पसरलंय, राजीव सेठींनी मांडणी केलीय, हजारो वस्तू आहेत, जुने दरवाजे, लाकडी कोरीवकाम, मुखवटे. पण बरेच लोक ते सरकत्या पट्ट्यावर उभं राहून मोबाईलमधे बघत पुढं जातात. पुढच्या वेळी टी२ ची फ्लाईट असेल तर तासभर आधी जा. छताकडंही बघा, मोराच्या पिसाऱ्यावरून नक्षी घेतलीय आणि एवढं प्रचंड छत फक्त तीस खांबांवर उभं आहे. जानेवारी २०१४ ला उद्घाटन झालं, स्किडमोर ओविंग्ज अँड मेरिल या अमेरिकन फर्मचं डिझाईन. जुनी सहारची टर्मिनलं चालू ठेवून त्याच जागेवर टप्प्याटप्प्यानं हे बांधलं ते मला छतापेक्षाही भारी वाटतं.

प्रश्न (कुर्ला): आमच्या सोसायटीची चार मजली बिल्डिंग पडायला आलीय. बिल्डर येतात, बघतात आणि निघून जातात, म्हणतात तुम्ही फनेल झोनमधे आहात, उंची मिळणार नाही. पलीकडच्या गल्लीत मात्र बारा मजले उभे राहिलेत. हा काय प्रकार आहे? सेक्रेटरी म्हणून मला रोज शिव्या खाव्या लागतात.

उत्तर: सेक्रेटरी साहेब, शिव्या खाणं हे पदाबरोबर येतंच, पण याच्यामागं भूमिती आहे हे सभासदांना समजावता येईल.

विमान रनवेकडं उतरताना एका तिरक्या रेषेत येतं, आणि त्या रेषेखाली काहीही अडथळा नको म्हणून रनवेच्या टोकापासून बाहेर पसरत जाणारा एक काल्पनिक उतार धरलेला असतो, वरून पाहिला तर नरसाळ्यासारखा रुंद होत जातो, त्यालाच फनेल म्हणतात. तो उतार दोन टक्के. म्हणजे रनवेच्या टोकापासून एक किलोमीटरवर तुम्हाला फक्त वीस मीटरच्या आसपास उंची मिळते, सहा मजले फार तर. दोन किलोमीटरवर चाळीस मीटर. आणि फनेलच्या बाहेर, पण विमानतळाच्या चार किलोमीटरच्या आत असाल, तर वेगळा नियम, तिथं ढोबळमानानं ४५ मीटरचं छत असतं. त्यामुळे पलीकडची गल्ली फनेलच्या रेषेबाहेर पडली असेल तर तिला बारा मजले आणि तुम्हाला पाच, अंतर भले पन्नास मीटरचं का असेना. यात भ्रष्टाचार असेलच असं नाही, आधी नकाशा बघा.

तो नकाशा एअरपोर्ट ॲथॉरिटीनं रंगीत छापलाय, कुठल्या रंगाच्या पट्ट्यात किती उंची चालेल ते त्यात दिसतं, महापालिकेकडंही असतो. पण तुम्ही ज्या भागात आहात तिथं एनओसीसाठी थेट ॲथॉरिटीकडंच ऑनलाईन अर्ज जातो, त्यात प्लॉटचे अक्षांश-रेखांश आणि जमिनीची समुद्रसपाटीपासूनची उंची द्यावी लागते. ही उंची नीट मोजून घ्या, कारण एनओसीत मिळणारा आकडा समुद्रसपाटीपासूनचा असतो, बिल्डिंगचा नाही. ५० मीटर मिळाले आणि तुमची जमीनच १२ मीटरवर असेल तर हातात ३८ उरतात, आणि त्यातच पाण्याची टाकी, लिफ्टची खोली आणि अँटेना सगळं बसवायचं. काही सोसायट्या हा हिशोब न करता बिल्डरशी करार करतात आणि मग वरचे दोन मजले कागदावरच राहतात. आकडा कमी वाटला तर अपिलाची आणि अभ्यास करून घ्यायची सोय आहे, पण मुख्य रनवेच्या फनेलमधे त्यातून फार काही निघेल अशी आशा मी तरी देणार नाही. उंची वाढत नसेल तर मोकळ्या राहिलेल्या एफएसआयचा (प्लॉटवर जेवढं बांधायला मिळतं त्याचा) टीडीआर, म्हणजे ते बांधकाम दुसरीकडं वापरायचा किंवा विकायचा हक्क, मिळतो का हे चांगल्या आर्किटेक्टला विचारा, बिल्डरच्या नव्हे, सोसायटीच्या.

प्रश्न (डोंबिवली, नाशिक, बोरीवली): एअरपोर्टला टॅक्सीशिवाय जायचं कसं? (तीन पत्रं एकत्र केलीत.)

उत्तर: वर्षानुवर्षं याचं खरं उत्तर 'नाही जायचं' असंच होतं. लोकलनं विलेपार्ल्याला किंवा अंधेरीला उतरायचं, बॅगा डोक्यावर घेऊन पूल चढायचा आणि रिक्षावाल्याशी हुज्जत घालायची. देशातलं एवढं मोठं एअरपोर्ट आणि रेल्वेचं स्टेशन दाराशी नाही, याचं मला कायम आश्चर्य वाटत आलंय. मेट्रो ३ नं, म्हणजे वर सांगितलेल्या भुयारी मेट्रोनं, ते बदललं. आरे ते बीकेसी ऑक्टोबर २०२४ मधे सुरू झाली, मे २०२५ मधे वरळीच्या आचार्य अत्रे चौकापर्यंत आली आणि ऑक्टोबर २०२५ मधे कफ परेडपर्यंत पूर्ण झाली, ३३.५ किलोमीटर, २७ स्टेशनं, आरे सोडलं तर सगळी जमिनीखाली. तिकीट १० रुपयांपासून ७० पर्यंत. टी१, सहार रोड आणि टी२ अशी तीन स्टेशनं एअरपोर्टच्या वाट्याला आलीत.

डोंबिवलीकरांनी लोकलनं घाटकोपरला उतरायचं, तिथून मेट्रो १ घ्यायची, मरोळ नाक्याला उतरून खाली मेट्रो ३, आणि पुढचंच स्टेशन टी२. इथं एक सापळा आहे: मेट्रो १ वर 'एअरपोर्ट रोड' नावाचं स्टेशन आहे, नाव बघून लोक तिथं उतरतात आणि मग रस्त्यावर उभे राहतात, कारण तिथून टी२ दीडेक किलोमीटर तरी आहे. मरोळ नाकाच. नाशिककरांनी ट्रेननं ठाणे किंवा दादरला उतरून हेच करायचं, ठाण्याहून पुढं घाटकोपरला येणं सोपं पडतं. बोरीवलीकरांनी लोकलनं अंधेरी, तिथून मेट्रो १ नं मरोळ नाका. किंवा टी१ ची फ्लाईट असेल तर विलेपार्ल्याला उतरून पूर्वेकडून रिक्षा, ते अंतर अगदी थोडं आहे. दक्षिण मुंबईतून यायचं तर सीएसएमटी, चर्चगेट, मुंबई सेंट्रल तिन्हीकडं मेट्रो ३ ची स्टेशनं आहेत.

आता तोटा. मेट्रो सकाळी सहाच्या आसपास सुरू होते आणि रात्री साडेदहाच्या सुमारास शेवटची सुटते, आणि आपल्याकडच्या परदेशी फ्लाईट नेमक्या रात्री एक ते पहाटे पाच! त्या वेळी टॅक्सीच. बेस्टच्या एसी बस एअरपोर्टला जोडलेल्या आहेत पण त्यांच्या वेळा बदलत असतात, निघायच्या आधी बघून घ्या. गाडीनं टी२ ला जाणार असाल तर वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेवरून सहार एलिव्हेटेड रोड धरा, दोन किलोमीटर, एकही सिग्नल नाही. फक्त हायवेवर त्याची पाटी दिसेपर्यंत लेन बदलायला उशीर झालेला असतो, त्यामुळे आधीपासून तयार राहा.

प्रश्न (पवई): आमचे सर म्हणाले मिठी नदी रनवेच्या खालून वाहते. खरंच?

उत्तर: खरंच. विहार आणि पवई तलावाचं ओसंडणारं पाणी घेऊन ती निघते, एअरपोर्टच्या कुर्ल्याकडच्या टोकाला तिला काँक्रीटच्या मोऱ्यांमधून रनवेखालून काढलंय आणि पुढं बीकेसीच्या कडेनं माहीमच्या खाडीत जाते. एअरपोर्ट वाढत गेलं तशी नदी वळवत आणि आवळत नेली. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासात ९४४ मिलीमीटर पाऊस मोजला गेला, तेव्हा त्या वळणांचं काय होतं ते सगळ्या कुर्ला-कलिनानं पाहिलं, आणि एअरपोर्टही बंद पडलं होतं. तुम्ही राहता तिथलंच पाणी ते.

प्रश्न (पुणे): ताई, आता नवी मुंबई एअरपोर्ट पण सुरू झालं. आम्ही पुणेकरांनी कुठून जावं?

उत्तर: फ्लाईट मिळत असेल तर नवी मुंबईहून, यात मला शंका नाही. एक्स्प्रेसवे उतरून कळंबोलीला आलात की उलव्याचं एअरपोर्ट जवळच, पुढचा वाशी, चेंबूर, सांताक्रूझ हा वनवास वाचतो, आणि पुण्याहून मुंबई एअरपोर्टला जाणाऱ्या कुणालाही विचारा, अर्धा वेळ शेवटच्या तीस-चाळीस किलोमीटरमधेच जातो.

८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन झालं आणि २५ डिसेंबर २०२५ पासून प्रवासी विमानं सुरू झाली. १,१६० हेक्टर जमीन, म्हणजे मुंबईपेक्षा बरीच जास्त. त्यासाठी उलव्याची टेकडी कापली, उलवे नदी वळवली आणि दहा गावं उठवली. इथल्या शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील यांचं नाव द्यावं म्हणून भूमिपुत्रांनी केवढं मोठं आंदोलन केलं ते तुम्ही वाचलं असेलच. इमारत कमळाच्या आकाराची, झाहा हदीद यांच्या फर्मचं डिझाईन. पहिल्या टप्प्यात वर्षाला दोन कोटी प्रवाशांची सोय आहे, सगळं पूर्ण झाल्यावर नऊ कोटी. आणि कल्याणच्या पोरानं इकडं लक्ष द्यावं: इथं ३,७०० मीटरचे दोन रनवे आखलेत ते समांतर आणि एकमेकांपासून पुरेसे लांब. सध्या एकच वापरात आहे, पण दुसरा झाला की दोन्हीवर एकदम विमानं उतरवता येतील, जे सांताक्रूझला कधीच जमणार नाही.

तरी लगेच उड्या मारू नका. फ्लाईट अजून मुंबईच्या मानानं थोड्या आहेत. मुंबईहून तिकडं जायचं तर अटल सेतू आहे, किंवा नेरूळ-उरण लाईनवरचं तरघर स्टेशन जवळ पडतं. दोन एअरपोर्टना जोडणारी मेट्रो ८ कागदावर आहे, तोवर एकीकडं उतरून दुसरीकडून पुढची फ्लाईट पकडायचा बेत करू नका, मधे पस्तीस-चाळीस किलोमीटर आणि मुंबईचं ट्रॅफिक आहे.

आणि तिकीट काढताना कोड बघा, मुंबईचा बीओएम आणि नवी मुंबईचा एनएमआय. वेबसाईटवर 'मुंबई' टाकलं की दोन्ही एकाखाली एक येतात, स्वस्त दिसलं म्हणून घाईत क्लिक केलं की झालं. कॅबवाल्यालाही नुसतं 'एअरपोर्ट' सांगू नका, नवी मुंबई की टी१ की टी२ ते पुण्यातून निघतानाच सांगा, एकदा पनवेल मागं पडलं की मागं फिरायला तो वरचे पैसे मागणार.